सात वीसचा माड

हिराजीदादा माडावरून पडून गेले नाहीत. हे आधीच सांगून टाकते, कारण त्यांची गोष्ट काढली की अर्ध्यावरच कुणीतरी डोळे मोठे करून विचारतं, "मग पडले का हो?" नाही पडले. घरातच गेले, अंथरुणात. सकाळचा चहा घेतला, "जरा पाठ टेकतो" म्हणाले आणि टेकली ती टेकलीच. त्याला आता वर्ष होईल. पडायचं म्हणाल तर ते वर असताना खाली पडला तो माझा जीव, आणि तोही एकदा नाही.

मी परिचारिका. वीस वर्षं वॉर्डात काढली. माझ्या तोंडाला नातेवाईक सोडाच, शिकाऊ डॉक्टरही वचकून असायचे. मग गुडघे कुरकुरायला लागले आणि आमच्या ट्रस्टनं मला अलिबागच्या दवाखान्यातच एका खोलीत संगणकासमोर बसवलं. काम असं की आडगावांत एकट्यादुकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या घरी रक्तदाब मोजायचं एकेक यंत्र दिलेलं असतं. मुलं मुंबई-पनवेलला, घरात म्हातारी आणि मांजर. सकाळी उठून दंडाला पट्टा बांधायचा, बटण दाबायचं, न बोलता न हलता मिनिटभर बसायचं. आकडा माझ्यासमोर येतो. करडं नाव हिरवं झालं की माणूस ठीक, लाल झालं की मी फोन करायचा. ज्या बाईनं वीस वर्षं माणसांच्या नाडीवर बोट ठेवलं तिला हे काम म्हणजे भिंतीशी गप्पा मारण्यासारखं वाटायचं. पण आकडे खोटं बोलत नाहीत, असं आमचे डॉक्टर म्हणायचे आणि मीही मान डोलवायचे.

माडटेप ही मुरुडकडची चाळीसेक घरांची वाडी. समोर समुद्र, पाठीशी टेकडी, मधल्या खळग्यात नारळ-सुपारीची दाटी. एसटी टेकडीवरच्या रस्त्यानं जाते, थांबा तिथंच, तिथून पायवाटेनं खाली उतरायचं. दिवाळीनंतर आम्ही तिथं अकरा यंत्रं घेऊन गेलो आणि यंत्रं वाटून झाल्यावर कळलं की वाडीत मोबाइलला रेंजच नाही. यंत्रातले आकडे जवळ धरलेल्या एका साबणाएवढ्या डबीत उतरत होते, पण डबीतून पुढं अलिबागला जायला वाट नव्हती. कंपनीचा माणूस फोन डोक्यावर धरून अंगणाअंगणांत फिरत होता. डॉक्टर घाम पुसत होते. मी मनात म्हणत होते, चला, पट्टे गोळा करा आणि परत निघा.

तेवढ्यात वरून आवाज आला, "हितं तीन दांड्या हायेत!"

आम्ही सगळ्यांनी माना वर केल्या. साठीच्या पुढचा, काटकुळा, काळा कुळकुळीत माणूस माडाच्या शेंड्यात बसून स्वतःचा फोन आम्हाला दाखवत होता. सत्तर फूट तरी असेल तो माड. खाली आला तो किती वेळात, मला कळलंसुद्धा नाही. कमरेच्या आकडीला कोयता, पायात दोरीचा फास, छातीवर खोडाचे वळ. डॉक्टरांच्या हातातून त्यानं डबी घेतली, पिशवीत घातली, पिशवीचा बंद दातांत धरला आणि परत वर. दोन मिनिटांत डबीवरचा दिवा हिरवा झाला, खालूनही दिसला. वरून विचारणा झाली, "पोचलं?"

"पोचलं!" कंपनीचा माणूस ओरडला. वीस वर्षांत मी बरीच हुशार माणसं बघितली, पण अडलेलं काम असं झाडावर चढून सोडवणारा पहिलाच.

डॉक्टरांना हे आवडलं तितकंच खटकलंही. टेकडीवर खांब उभा करायची परवानगी येईपर्यंत दुसरा झटपट इलाज नव्हता. शेंड्याला बांधून बघितलेली वायर वानरांनी तीन दिवसांत कुरतडली. शेवटी डॉक्टर हिराजीदादांना म्हणाले, "तुम्ही रोज चढणार असाल तर तुमचाही दाब रोज मला दिसला पाहिजे. पुढच्या खेपेला तुमच्यासाठी यंत्र आणतो. वरचा आकडा एकशे साठच्या पुढं गेला की चढणं बंद. कबूल?"

"कबूल," दादा म्हणाले. "नारळ पाडनं पन बंद?"

"सगळंच बंद."

दादांनी मान हलवली आणि आकडीत कोयता अडकवला. ती मान मी होकाराची समजले.

मग सुरू झालं ते सात वीसचं प्रकरण. म्हातारी मंडळी साडेसहा-सातला आपापले पट्टे बांधून मोकळी होत. दादा डबी घेऊन अकरा दारांवरून फिरत आणि बरोबर सात वीसला माडावर असत. त्याआधी चढलं तर खोडावर दव, त्यानंतर चढलं तर ऊन डोळ्यांत, असं त्यांचं गणित. अलिबागेत मी पदर खोचून बसलेली. हिरवे ठिपके उमटले की लगेच फोन वाजायचा. "पोचलं का गो बाय?" मी "पोचलं" म्हटल्याशिवाय ते उतरत नसत. उतरले की पुन्हा अकरा दारं, आणि प्रत्येक दारात एकच निरोप, "पोचलं." वाडीतल्या म्हाताऱ्यांना आपला आकडा किती आला याच्याशी फारसं देणंघेणं नव्हतं. आपला हात अलिबागला पोचला, हे कळलं की त्यांना अन्न गोड लागायचं.

त्यांच्या काही रीती होत्या. चढण्याआधी खोडाला कपाळ टेकवायचे आणि पुटपुटायचे, "पाय लावतो, राग मानू नको." चढताना एक शब्द बोलायचे नाहीत. नारळ सोडण्याआधी तीनदा हाळी द्यायचे, खाली कुणी असो वा नसो. मी एकदा चिडवलं, "दादा, खाली तर कुत्रंही नाहीये." तर म्हणाले, "मुंगी असंल. तिला पन घर हाय." आणि उतरण्याबद्दल तर त्यांचं ठरलेलं वाक्य होतं: "चढनारा पडत न्हाय बाय, उतरनारा पडतो. काम झालं की मानसाला घाई होते."

फोनवर "पोचलं" झालं की त्यांचं दुसरं बोलणं सुरू व्हायचं, आणि त्यानं मी वैतागायचे. वरून त्यांना वाडीतली सगळी अंगणं, ओट्या, न्हाण्यांची छपरं दिसत. ते मला सांगत बसायचे. अमक्याच्या चुलीचा धूर आज उशिरा निघाला. तमकी काठी टेकत विहिरीवर गेली, काल बिनकाठीची गेली होती. मी म्हणायचे, "दादा, आकडे चांगले आहेत सगळ्यांचे. ठेवा आता."

"माड खालनं बगून कळत न्हाय," ते म्हणायचे. "रोग शेंड्यात दिसतो."

"बरं, उतरा सावकाश," म्हणून मी फोन ठेवायचे. कामाचा खोळंबा, दुसरं काय.

एका सकाळी अकरांतले दहाच ठिपके हिरवे झाले. गोदाआक्का करडी राहिली. तिचं मला नवल वाटलं नाही, कारण आठवड्यातून दोनदा तरी ती पट्टा विसरायचीच. दादा म्हणाले, "बाय, गोदाआक्काचं दार लोटलेलं होतं, निजली असंल म्हनून मी मगाशी पुडं गेलो. पन तिचं लुगडं काल दुपारपासून दोरीवर हाय."

"मग?"

"ती दवात कपडा ठेवनारी बाई न्हाय. मी जातो."

एरवी "पोचलं" ऐकूनही दोन मिनिटं बोलणारा माणूस फोन बंद करून तडक उतरला. खाली रेंज नाही, म्हणून पुढचं सगळं त्यांनी पुन्हा माडावर चढून मला सांगितलं. गोदाआक्का न्हाणीत पडली होती, आदल्या संध्याकाळपासून. खुब्याचं हाड मोडलेलं, ओठ सुकलेले, पण शुद्धीवर. दादा दारातूनच म्हणाले, "आक्का, लुगडं काढायचं ऱ्हायलं ना?" आणि त्या बाईला रडू आणि हसू एकदमच आलं. मी खुर्चीत बसून होते. माझ्यासमोर तिचं नाव तसंच करडं होतं. करडं म्हणजे विसरली, असं मीच ठरवून टाकलं होतं, मीच, वीस वर्षं नाडीवर बोट ठेवणारी. त्या दिवशी मी वहीत एक नवा रकाना आखला आणि वर लिहिलं, "दादा म्हणाले". डॉक्टरांनी तो बघितला. पुढं रोज आल्याबरोबर आधी तोच रकाना वाचायला लागले.

त्याआधीची एक गंमत सांगायची राहिली, आणि ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. यंत्रं वाटल्यानंतरच्या पहिल्याच आठवड्यात ताराकाकूचं नाव लालभडक झालं. एका सकाळीत पाच आकडे: एकशे अठरा, एकशे तीस, एकशे चव्वेचाळीस, एकशे ब्याण्णव, पुन्हा एकशे बावीस. एका माणसाचा दाब तासाभरात असा झोके घ्यायला लागला तर तो माणूस उरायचा नाही. मी गाडी काढायला लावली आणि स्वतः गेले. बघते तर ताराकाकू ओटीवर ठणठणीत बसलेली, हातात अडकित्ता.

"काकू, हे आकडे कुणाचे?"

"येनाऱ्याजानाऱ्यांचे गो! दारात मानूस आलं, चहा दिला, आता ही वस्तू घरात असून हात न बगता कसं पाटवू? बरं दिसतं का ते?"

चहासुपारीबरोबर तिनं रक्तदाबाचाही पाहुणचार सुरू केला होता. मी कपाळावर हात मारला. मग तिला बसवून एकेक आकडा कुणाचा ते विचारलं. काकूचं डोकं तल्लख. एकशे अठरा शेजारणीचा, तीस तिचा स्वतःचा, चव्वेचाळीस गोदाआक्काचा, बावीस विहिणीचा. एकशे ब्याण्णवपाशी मात्र ती अडली. "तवा मी चहा टाकायला आत गेलते. ओटीवर चार-पाच मानसं होती." दादा तिथंच माडाला टेकून उभे होते. ते म्हणाले, "कोनतरी वाटसरू असंल, बाय." मी म्हटलं, असेल. काकूला दम दिला, पट्ट्यात परका हात घालायचा नाही म्हणून, आणि परत आले. त्यानंतर दोन दिवसांनी दादांचं यंत्र त्यांच्या घरी पोचलं.

त्यांचा आकडा म्हणजे आमच्या खोलीची शान. वरचा एकशे चोवीस, खालचा अठ्ठ्याहत्तर. आज चोवीस, उद्या बावीस, परवा सव्वीस. यायचा एक दिवस उशिरा, कारण ते म्हणे उतरल्यावर निवांत मोजतात, मग तो यंत्रातच राहतो आणि दुसऱ्या दिवशी बाकीच्यांबरोबर जातो. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट दुसऱ्या गावांतल्या आजोबांना मी फोनवरून सुनवायचे, "आमच्या माडटेपच्या दादांकडे बघा. रोज माड चढतात आणि दाब विशीतल्या पोराचा. तुम्ही लोणच्याची बरणी काही सोडत नाही!" डॉक्टरांनी तर ट्रस्टच्या बैठकीत त्यांचा आलेख भिंतीवर लावला होता.

चैत्राच्या सुमाराला मी महिन्याचा तक्ता छापत होते. घाईत काहीतरी भलतंच दाबलं गेलं आणि एरवी छापली न जाणारी वेळ आकड्याशेजारी छापून आली. तो कागद फेकून द्यायचा म्हणून मी उचलला आणि हात तसाच राहिला. हिराजीदादांच्या नावापुढं, सात एकवीस. सात एकोणीस. सात बावीस. सात वीस. सगळा महिना.

सात वीसला हिराजीदादा माडावर असायचे. सात वीसला ते माझ्याशी फोनवर बोलत असायचे. मग घरातल्या पट्ट्यात दंड कुणाचा होता?

यंत्राचं घड्याळ चुकलं असेल म्हणून बाकीच्या अकरा जणांच्या वेळा ताडून बघितल्या. सगळ्यांच्या बरोबर. चहा निवून गेला. मला ते ताराकाकूच्या ओटीवरचं बेवारस एकशे ब्याण्णव आठवलं. माडाला टेकून उभे असलेले दादा आठवले. कोनतरी वाटसरू असंल, बाय. त्या सकाळनंतर हा माणूस पाच महिने, रोज, तसल्या दाबानं सत्तर फूट चढत होता आणि वरून मला विचारत होता, पोचलं का.

रात्री फोन लावून उपयोग नव्हता, वाडीत रेंज नाही. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं निघाले. टेकडीवर उतरले तेव्हा सात वाजून गेले होते. गुडघ्यांची पर्वा न करता पायवाट उतरले. दादांचं घर वाडीच्या वरच्या टोकाला, टेकडीच्या पायथ्याशीच. ओटीवर त्यांच्या कारभारीण जनाकाकी बसल्या होत्या. डोळे मिटलेले, पाठ ताठ, दंडाला पट्टा.

यंत्र थांबेपर्यंत मी बोलले नाही. थांबलं. एकशे चोवीस, अठ्ठ्याहत्तर.

काकींनी डोळे उघडले, मला बघितलं आणि पट्टा सोडायचंही भान राहिलं नाही त्यांना. "सांगितलं मी त्याला," त्या म्हणाल्या, "एक दिवस बाय येनार."

"काकी, त्यांनी सांगितलं म्हणून तुम्ही हात घातलात?"

"तो म्हनाला, माजा आकडा वायट दिसला तर अकरा जनांचे आकडे जायचे बंद. गोदाआक्का न्हानीत मेली असती. मी काय बोलनार?" मग खाली बघून म्हणाल्या, "पन सकाळी घाईत घालत न्हाय. तो वर गेला की घालते. तो वर असला की माजा जीव ऱ्हात न्हाय गो. ह्या पट्ट्यात हात असला की बोलायचं न्हाय, हलायचं न्हाय, तूच सांगितलंयस ना. तेवडाच वेळ बसून निगतो."

नवरा सत्तर फुटांवर, त्याचा खोटा आकडा आपल्या दंडावर, आणि त्या घडीला हिचा दाब एकशे चोवीस. ह्या घरात मी कुणाला नमस्कार करू, असं मला झालं. पण नमस्काराची वेळ नव्हती. मी माडाकडे धावले.

ते वर होते. खालून त्यांचे तळवे तेवढे दिसत होते. हाक मारायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. हाक ऐकून दचकले तर? चक्कर आली तर? माझ्या तोंडाला घाबरणाऱ्या सगळ्यांनी मला तेव्हा बघायला हवं होतं.

खळग्यात रेंज नाही, त्यामुळं माझा फोन काही वाजणार नव्हता. दादांनी दोनदा लावून बघितला असावा. मग त्यांनी सवयीनं वाडीवर नजर फिरवली आणि ती फिरत फिरत माझ्यावर आली.

"बाय," ते वरून म्हणाले, "तू खुर्चीत न्हायस."

"नाही, दादा."

त्यांनी डबी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"कळलं तुला?"

"कळलं. सावकाश उतरा."

"थांब जरा. अकरा जनांचं पोचू दे."

माझा राग उसळून आला, आणि त्याच दमात डोळे भरून आले. मी तिथं उभी राहिले आणि तो माणूस शेंड्यात बसून डबी आभाळाकडे धरून राहिला. कुणाला काही सांगायची घाई नाही, सफाई नाही. डबीवरचा दिवा हिरवा झाला तेव्हा त्यांनी ती पिशवीत घातली, पिशवी दातांत धरली आणि उतरायला सुरुवात केली. खोडाला पाय देण्यासाठी कोरलेल्या खाचा होत्या. एका खाचेत पाय, मग दोरी, मग दुसऱ्या खाचेत पाय. मी प्रत्येक खाच मोजत होते. मध्ये एकदा ते थांबले आणि कपाळ खोडाला टेकून राहिले. मला वाटलं, झालं. पण ते पुटपुटत होते. एरवी चढण्याआधी म्हणायचे ते आज अर्ध्यात म्हणत होते. उतरनारा पडतो, असं ज्यानं मला शंभरदा ऐकवलं होतं त्यानं त्या दिवशी एकाही खाचेला घाई केली नाही.

पाय जमिनीला लागले. त्यांनी दोरी सोडली, कोयता आकडीतून काढून माडाच्या बुंध्याशी ठेवला, डबी माझ्या हातात दिली. मी रागावणार होते. एसटीत दोन तास वाक्यं जुळवली होती. पण त्यांचं काही काम पडलं नाही. त्यांनीच बाही वर केली आणि हात पुढं केला.

"घे. आता माजा घे."

ओटीवर बसवून पंधरा मिनिटं विसावा दिला आणि पट्टा बांधला. एकशे शहाण्णव, एकशे बारा. जनाकाकींनी आकडा बघितला आणि पदर तोंडाला लावला. दादा म्हणाले, "वर गेलो की कमी होत असंल गो. वर मना काय सुदा होत न्हाय." मी गाडी बोलावली, त्याच दिवशी मुरुडला नेलं, गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी फोनवर सगळं ऐकून घेतलं. नंतर ते इतकंच म्हणाले, "आकडे खोटं बोलत नाहीत. माणसं बोलतात, आणि कधीकधी आपल्याहून मोठ्या कारणासाठी." भिंतीवरचा आलेख त्यांनी स्वतः काढला.

संध्याकाळी दादांच्या ओटीवर वाडी जमली. दादांचा एकच प्रश्न: "अकरा जनांचं काय?" मग ताराकाकू अडकित्ता खाली ठेवून उठली. "आमचे पाय काय मोडलेत? टेकडीवर रेंज हाय ना? आमी नेतो डबी."

"आर्धा तास लागतो चढायला," दादा म्हणाले.

"तुला दोन मिनटं लागायची, म्हनून आमी पाच महिने आयतं बसलो. आता तू बस."

दुसऱ्या दिवसापासून साठ-सत्तरीच्या बाया दोन-दोनच्या जोडीनं, काठी टेकत, मध्ये दोनदा बसत, डबी टेकडीवर न्यायला लागल्या. पावसाळ्यात छत्र्या घेऊन. माझ्याकडे ठिपके सात वीसऐवजी सव्वाआठ-साडेआठला उमटायचे, आणि फोनवर ताराकाकूचा धापा टाकणारा आवाज यायचा, "पोचलं का गो?" चालून चालून त्यांतल्या तिघींचा दाब उतरला, हे डॉक्टरांनी मोठ्या कौतुकानं बैठकीत सांगितलं. दादांचं नाव बारावं. त्यांचा आकडा आता खरा यायचा, कधी एकशे साठ, कधी बावन्न, गोळ्या चुकवल्या की सत्तर. एका शब्दाची तक्रार न करता ते रोज पट्टा बांधायचे. रोज ओटीवर बसून समोरच्या माडाकडे बघायचे, असं काकी सांगायच्या.

वर्षभरात टेकडीवर खांब उभा राहिला. आता डबी कुणाला कुठं न्यायला नको. पट्टा बांधला की लगेच आकडा अलिबागला. मी यंत्रांच्या बॅटऱ्या बदलायला म्हणून वाडीत गेले, ताराकाकूकडे मुक्काम केला आणि सकाळची एसटी गाठायला लवकर टेकडी चढले. आदल्या दिवशी दादांशी बोलणं झालं होतं, पण ते गोळ्यांचं, पथ्याचं, असंच. निघताना त्यांनी शहाळं हातात दिलं होतं आणि म्हणाले होते, "दुसऱ्यानं पाडलेलं हाय. गोड असंल का नसंल, मना ठाव न्हाय."

थांब्यापाशी उभी राहून मी सहज खाली बघितलं. खाली अंगणं. न्हाणीच्या छपरावर वाळत टाकलेली सुपारी. गोदाआक्का काठीनं कोंबड्या हुसकत होती, दोरी रिकामी, लुगडं आत घेतलेलं. ताराकाकूच्या ओटीवर कुणी पाहुणा आलेला, आणि चहाची कपबशी त्याच्याकडे सरकत होती. पाच महिने रोज हा माणूस हेच बघत होता आणि मी म्हणत होते, ठेवा आता फोन.

अगदी पायथ्याशी दादांची ओटी. ते बसले होते. पाठ ताठ, पाय जमिनीवर, डावा हात पाटावर, दंडाला पट्टा. काकी दारात उभ्या. बोलायचं न्हाय, हलायचं न्हाय. माडाच्या शेंड्यात वाऱ्याशी बोलणारा तो माणूस त्या मिनिटापुरता इतका स्तब्ध बसला होता की मीही हलले नाही. मग पट्टा सैल झाला असावा, कारण त्यांचे खांदे उतरले. माझ्या हातातला फोन थरथरला. हिराजी, एकशे अठ्ठेचाळीस, अठ्ठ्याऐंशी. वेळ सात वीस. आणि दंड त्यांचाच, मी माझ्या डोळ्यांनी बघितला.

वीस वर्षं वॉर्डात कमावलेला आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदाच पुरता वापरला. "दादा! पोचलं!"

त्यांनी इकडंतिकडं बघितलं नाही. ज्या दिशेनं वाडीला त्यांची स्वतःची हाळी यायची त्या दिशेला, सरळ वर, मान केली. मला शोधून काढलं आणि पट्टा बांधलेला हात उचलला.